दहापैकी सहा

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

बुधवार, ४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. मणक्याच्या डॉक्टरांची खोली. त्यांनी मला विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" मी म्हणाले, "सहा." त्यांनी सहा लिहून घेतले. तू माझ्या उजव्या हाताला खुर्चीत बसली होतीस, मांडीवर माझ्या एक्स-रेंचं पाकीट होतं, आणि तू एक अक्षर बोलली नाहीस.

वेळ इतकी नेमकी माहीत आहे कारण घड्याळ डॉक्टरांच्या डोक्यावरच होतं आणि मी त्यांच्याऐवजी त्याच्याकडे बघत होते. आपल्याला दुखत असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये, त्याला अवघडल्यासारखं होतं, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं. तुलाही शिकवलं होतं. वर 'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

माझे सहा म्हणजे किती, हे या जगात आता दोनच माणसांना ठाऊक आहे. त्यातली एक मी, आणि मला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही. कॉन्व्हेंटात अक्षर शिकवणाऱ्या त्या सिस्टर आठवतात ना, आपण त्यांना सातवाली म्हणायचो? त्यांनी हयातीत सातच्या वर मार्क कुणाला दिले नाहीत. आठ मागणाऱ्या मुलीला त्या सगळ्या वर्गासमोर हावरट म्हणायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हापासून माझी पट्टी सातला संपते. नकाशांच्या ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं मान खाली घालून शाईने रेघा ओढल्या, शेवटी इतरांचे नकाशे तपासले, आणि कितीही सुरेख काम समोर आलं तरी 'चालेल' याच्या पुढे गेले नाही. पोरं माझ्या एका 'चालेल'साठी ताटकळत उभी राहायची.

एकदा आईने इतका चांगला स्वयंपाक केला होता की मी तिला साडेसहा दिले. तिचं तोंड उतरलं. तू तिच्या पदराला हात पुसत म्हणालीस, "आई, अगं हे ताईचे दहा आहेत." तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. नवव्या वर्षी जे तुला सांगता येत होतं ते एकसष्टाव्या वर्षी येईना?

तुझ्या गप्प बसण्याचा परिणाम तू ऐकलासच. डॉक्टर म्हणाले, "सहा असतील तर मी पुन्हा उघडणार नाही. पहिल्या ऑपरेशनचे व्रण आत चिकटून बसलेत. पुन्हा हात घालायचा तर दुखणंही तेवढं मोठं असायला हवं." तेव्हा मणक्यात बसवलेला एक स्क्रू ढिला झालाय हेही त्यांनी फोटोत दाखवलं. तेव्हा मात्र तुला वाचा फुटली. "ते तर आम्ही लहानपणापासून म्हणतोय." डॉक्टर हसले. मीही हसले, कारण विनोद बरा होता. सहा मार्कांचा.

आणि टॅक्सीत बसल्यावर तू माझा हात थोपटून म्हणालीस, "चला, बरं झालं. सुटलीस."

कशातून गं?

मी हे उभ्याने लिहिते आहे, इस्त्रीच्या टेबलावर. वरच्या खाचेत अडकवलं की ते कोपरापर्यंत येतं. उत्तर लेखी पाठव. फोन करू नकोस.

ताई


१६ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

फोन करू नकोस असं लिहिलं होतं. तू फोन केलास. मी उचलला नाही, तर तू बोललेलं रेकॉर्ड करून पाठवलंस. मी ते ऐकलं नाही. तोंडचं बोलणं तुला फार सोपं जातं, वर्गातही तू बोलूनच सुटायचीस. कागदावर लिही. कागदावर माणूस लबाडी करायला लागला की अक्षर तिरकं होतं, आणि तुझं अक्षर मी ओळखते.

मध्यंतरी तू काय काय विसरली असशील म्हणून कळवते. सकाळी उठताना मी आधी कुशीवर होते, मग पाय खाली सोडते, मग हाताने पलंगाला ढकलून उभी राहते, आणि मग कपाटाला डोकं टेकून थांबते. कपाटाचा तेवढा रंग उडालाय. मोजे घालायचं सोडून दिलं. बसून जेवता येत नाही म्हणून ओट्याशी उभी राहून खाते, गाढवासारखी. दुपारी जेवणाच्या टेबलाखाली जमिनीवर आडवी होते, कारण तिथली फरशी सरळ आहे आणि पाय खुर्चीवर टाकता येतात. आपल्या टेबलाच्या खालच्या बाजूला सुताराने पेन्सिलीने एक बाण काढून ठेवलाय. इतकी वर्षं आपण त्यावर जेवलो आणि कुणाला माहीत नव्हतं. मला आता घरातल्या सगळ्या सामानाची खालची बाजू पाठ झालीये.

वाचायला बसवत नाही. पडून पुस्तक धरलं तर डाव्या पायात वीज उतरते. मी, जिला लोक 'बसली की उठत नाही' म्हणायचे.

पहिल्या ऑपरेशननंतर तू सगळ्यांना सांगत सुटलीस की ताईचं छान झालं. ते कुठून आलं तेही सांगते. महिन्याभराने त्या आधीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "आता किती?" ते दारातच उभे होते, मागे त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागायच्या दिवशी असतो तसा भाव होता. मी म्हणाले, "तीन." कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'छान, आभारी आहे' म्हणायचं, या वळणात वाढलेली बाई दुसरं काय म्हणणार? ते खूश झाले. विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं. त्या तिनावर मी बरी झालेली बाई आहे. माझ्या फायलीत मी दोन वर्षं बरी आहे.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली माझं दूध आणि ही पत्रं खाली-वर करते. काल म्हणाली, "भांडायला तरी उभ्या राहता, तेवढाच व्यायाम." गोळ्याही आता तिच्याच कपाटात असतात. तिच्या कपाटाला कुलूप आहे, एवढंच कारण.

उत्तर आलेलं नाही.

ताई


२३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

शुक्रवारी मी एकटी डॉक्टरांकडे जाऊन आले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजी, सोबत कोण?" मी म्हटलं, "मी तुझी आजी नाही आणि सोबत माझी काठी आहे."

तुझ्या मदतीवाचून आपलं काम आपण करावं असं ठरवून गेले होते. दोन दिवस आरशासमोर उभी राहून 'नऊ' म्हणायचा सराव केला. हसू नकोस. तोंडातून निघेना. खोटी साक्ष दिल्यासारखं वाटायचं, मागे सातवाली उभी असल्यासारखं. डॉक्टरांनी विचारल्यावर शेवटी कसंबसं "आठ" म्हणाले, तेही दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं.

त्यांनी कागद उलटला. "गेल्या वेळी सहा होते. वाढलंय?"

"नाही. तेवढंच आहे."

"मग आठ कसे?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सातवाली, हावरटपणा, आईचा स्वयंपाक. तू जे एका वाक्यात सांगितलं असतंस ते सांगायला मला बराच वेळ लागला आणि मधे दोनदा उठून भिंतीला टेकावं लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि पहिल्या ऑपरेशननंतरचे तीन?"

"ते शिष्टाचाराचे."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "बाई, मग तुमच्या आकड्यावर मी चाकू कसा चालवू?"

म्हटलं, ढिला स्क्रू दिसतोय ना फोटोत? ते म्हणाले, ढिला स्क्रू घेऊन लोक डोंगर चढतात. फोटोत स्क्रू दिसतो, दुखणं दिसत नाही. त्यासाठी माणसाच्या शब्दावरच विसंबावं लागतं. मी विचारलं, पुन्हा केलं तर पायातला जोर जाऊ शकतो का? "जाऊ शकतो." काहीच फरक पडणार नाही असंही होईल? "तेही होतं." आणि बरं वाटणं? "तेही होतं." तिन्ही उत्तरं एकाच आवाजात. माणूस प्रामाणिक वाटला. प्रामाणिक माणसांचा फार उपयोग होत नाही, पण राग तरी येत नाही.

आमच्या ऑफिसात ट्रेसिंगच्या कागदावर रेघ चुकली की ब्लेडने खरवडून काढायची पद्धत होती. एकदा खरवडलं तर कळत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा खरवडायचं तर आधी कागद उजेडासमोर धरून बघायचा, आत काही उरलंय का. मी पोरांना ओरडायचे, बघितल्याशिवाय ब्लेड लावाल तर हात तोडीन. कितीदा वेळेत बघितलं आणि कितीदा टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत भोक पडलं, ते जाऊ दे. मला उजेडासमोर धरायला कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं.

डॉक्टरांनी तेच विचारलं. "घरात तुम्हाला ओळखणारं कोण आहे?"

"एक बहीण."

"त्या दिवशी आल्या होत्या त्या? मग आकडा त्यांना देऊ द्या. तुम्ही गप्प बसायचं." पुढे म्हणाले, १६ मार्चला त्यांच्याकडे एक जागा आहे. ६ मार्चला, शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी बंद होते. त्यानंतर ते तीन महिने इथे नाहीत. आणि ऑपरेशन झालं तर पहिला दीड महिना मला एकटीला घरी सोडणार नाहीत. सोबतीला कोण राहणार, त्या माणसाला यादी बंद व्हायच्या आत समक्ष यावं लागेल.

मी म्हटलं, बघते.

माझं दुखणं किती आहे ते तू ठरवायचं, अशी वेळ आलीये. सातवालीने तुला कधी पाचच्या वर दिले नव्हते.

ताई


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरी,

काल तू मला फसवून बोलायला लावलंस. शिवणवालीच्या फोनवर फोन करणं हा रडीचा डाव आहे. मी मानेने नाही म्हणत होते तर ती म्हणाली, "तुमच्या घरचा माणूस आहे, घ्या. मला बाही लावायचीय, तुमचे निरोप पोचवायला मी रिकामी नाही." आणि फोन माझ्या कानालाच लावला. मी टेबलाखाली होते. टेबलाखालून पळता येत नाही.

तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या 'मी असं म्हणालेच नाही' म्हणायला जागा उरणार नाही.

तू म्हणालीस, "ताई, मला कळलं होतं."

मी म्हटलं, "काय?"

"सहा. तू म्हणालीस तेव्हाच. तू बाबा गेले त्या दिवसालाही पाच दिले होतेस."

"मग तोंड का उघडलं नाहीस?"

"उघडलं असतं तर त्यांनी ऑपरेशन केलं असतं."

मग तू रडायला लागलीस आणि पुढचं धड ऐकू येईना, पण मी ऐकलं. पहिल्या वेळी मी आत होते आणि तू बाहेर बाकावर. माझा चष्मा पिशवीत घालून तुझ्या हातात दिला होता. सांगितलेली वेळ उलटून गेली, आतून कुणी येऊन काही सांगेना, आणि तू त्या चष्म्याच्या काचा पदराने पुसत बसलीस, पुसून झाल्या तरी पुसत बसलीस, कारण पुसायचं थांबलं तर काहीतरी होईल असं तुला वाटत होतं. हे मला दोन वर्षांत सांगितलं नाहीस. "मी पुन्हा त्या बाकावर बसणार नाही," म्हणालीस. "वाकडी चालशील मला, ताई. पण असायला हवीस."

मी फोन ठेवला. शिवणवालीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, माझ्यावर माया आहे तिची.

भिंगरी, तू विसरलीस याचा राग मी धरून बसले होते. विसरणं परवडलं. तू विसरली नाहीस. तुला पुरतं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस आणि माझे दहा सहाला जाऊ दिलेस. तुला वाकडी चालते. मला चालत नाही, ही बारीकशी अडचण आहे. मी असायला हवी म्हणतेस. असते म्हणजे काय करते, याची चौकशी केलीस कधी? सकाळी कपाटाला डोकं टेकते, दुपारी सुताराचा बाण बघते, संध्याकाळी दूध उतू जाताना बघते कारण तेवढ्या लगबगीने पोचता येत नाही. याला असणं म्हणत असतील तर ते टेबलही आहेच.

फोनवर तू आणखी एक विचारलंस, गोळ्या शिवणवालीकडे कशाला. कुलपाचं कारण तुला पटलं नाही. तर ऐक. एका दुपारी मी सगळी पाकिटं पलंगावर मांडून गोळ्या मोजायला घेतल्या. बऱ्याच मोजून झाल्यावर लक्षात आलं की आपण हे कशासाठी मोजतोय. तशीच पिशवीत भरली आणि भिंत धरत, कठड्याला धरत खाली गेले. तिला म्हटलं, हे तुझ्याकडे ठेव. मला रोज सकाळी दिवसाच्या तेवढ्या दे, मी कितीही गोड बोलले तरी जास्त देऊ नकोस. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून रोज स्वतः वर येऊन देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. कालच्या फोननंतर तिने चहाही केला, पाणचट. आणि सोमवारी ती मला दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे, या विषयावर बोलायला. मी कबूल झालेय. तिच्याशी वाद घालायचा तर बसावं लागतं.

घाबरवायला लिहीत नाही. त्या दिवशी जिना उतरून गेलेच ना मी. कुठे जायचं नव्हतं म्हणूनच गेले. पण पुढे किती वेळा उतरवेल, हे मला सांगता येत नाही.

ताई


४ मार्च, बुधवार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. अखेर. चार ओळी, त्यातल्या दोन तब्येतीच्या. "तू म्हणशील तसं करू" असं लिहिलंयस. अक्षर पहिल्या शब्दापासून तिरकं आहे.

मी म्हणेन तसं करायचं असतं तर हे सगळं झालंच नसतं. मला म्हणता येत नाही, हेच तर रडगाणं आहे. ऑपरेशन कर म्हणायला गेले की खरवडून भोक पडलेला कागद दिसतो. नको म्हणायला गेले की सुताराचा बाण. सोमवारच्या त्या डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, चांगलं ऐकून घेतात. त्यांनीही विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी एवढी तोंडाळ बाई, तरी एवढंच निघालं. मी म्हटलं, "बरं व्हावंसं वाटतं." त्या म्हणाल्या, "किती बरं?" मी म्हटलं, "खुर्चीत बसून एक पुस्तक वाचता येईल इतकं." मोठ्याने म्हटल्यावर कळलं की मागणं केवढंसं आहे, आणि तेही कुणी कबूल करत नाहीये. मग रडले. त्यांच्याकडे रुमालांचा डबा असतो. व्यवस्था चांगली आहे.

तेव्हा आता तू करायचं आहेस. अन्याय आहे, मला दिसतोय. तू मोठा आकडा लिहिलास, त्यांनी ऑपरेशन केलं आणि माझा पाय गेला, तर तो तुझ्या हातचा असेल. लहान आकडा लिहिलास तर उरलेलं आयुष्य मी टेबलाखाली, तेही तुझ्याच हातचं. दोन्हीकडून तुला मी बोलणारच आहे, त्याची खात्री बाळग. पण उजेडासमोर धरून बघायला मला दुसरं माणूस नाही. होतं तेच एक, ते त्या बुधवारी एक्स-रेंचं पाकीट मांडीवर घेऊन गप्प बसलं.

माझ्याकडे नीट बघ आणि आकडा लिही. लांबून लिहू नकोस. तुला आठवतं तशी मी राहिलेली नाही. आणि मी दुखावले जाईन किंवा घाबरून जाईन म्हणून कमी करू नकोस, त्या बाकाची भीती वाटते म्हणूनही करू नकोस. बाक आहे तिथेच आहे, आणि या वेळी चष्मा मी घरीच ठेवून जाईन. दहा दिसले तर दहा लिही. मला ते कुणी कधी दिले नाहीत, माझी स्वतःचीही हिंमत झाली नाही. तू दे. मग ऑपरेशन होवो न होवो, माझ्या फायलीत एकदा तरी खरं लागेल.

उत्तर लेखी हवं, तुझ्या हातचं, खाली सही असलेलं. शुक्रवार, ६ मार्च, दुपारी बारा वाजायच्या आत ते माझ्या हातून डॉक्टरांकडे पोचलं पाहिजे, यादी त्यानंतर बंद होते. हे पत्र शिवणवालीचा जावई तुझ्या गावाला निघालाय त्याच्या हाती देतेय, म्हणजे आज रात्री तुला पोचेल. तुझं उत्तर पोस्टाने टाकलंस तर चार दिवस लागतात हे तुलाही ठाऊक आहे, तेव्हा ते वेळेत कसं आणायचं ते तुझं तू बघ.

दार सकाळपासून नुसतं लोटून ठेवते. उठून उघडायला मला वेळ लागतो.

ताई